बहात्तर प्लेटांची बत्ती

एलियामामांच्या सवयी होत्या.

पायऱ्या दिसल्या की मोजायच्या. शिरूरच्या चर्चला तीनच पायऱ्या. त्याही दर रविवारी मोजायच्या, ओठ हलवत.

काडी ओढताना वाऱ्याकडे पाठ करायची. खोलीची दारं-खिडक्या बंद असली तरी.

चहाचा ग्लास हातात आला की रुमालाने पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि मगच ओठाला लावायचा. त्यांची बहीण मार्था ह्यावरून वीस वेळा रुसली होती.

भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज वाऱ्याची दिशा लिहायची. शिरूरमध्ये वाऱ्याची दिशा कुणाला हवी होती?

दिवेलागणीला बोलता बोलता थांबायचं, घड्याळ बघायचं, आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायचं.

लोखंड दिसलं की बोटाच्या पेराने ठोकायचं आणि कान लावायचा. गेटचं असो, बैलगाडीच्या धावेचं असो.

शिवी एकच. "गंजक्या." तीही माणूस मनापासून नालायक वाटला तरच.

त्यांचा भाचा दावीद, त्याला ती शिवी एकदाच मिळाली. साठ सालच्या दसऱ्यानंतर, चौथ्या दिवशी. ती रास्त होती.

एलिया रणभिसे मूळचे शिरूरचे. मिशनच्या उद्योगशाळेत फिटरचं काम शिकले. चोविसाव्या वर्षी कोकणातल्या एका बंदरावर यारी, म्हणजे माल उचलायचं यंत्र, दुरुस्त करायला म्हणून दोन महिन्यांसाठी गेले आणि एकतीस वर्षांनी परत आले. यारी दुरुस्त झाली तेव्हा बंदराच्या तोंडावरच्या बत्तीचा राखणदार तापाने मेला होता. साहेबाने विचारलं, दिवा लावता येतो का? मामा म्हणाले, चूल येते, दिवाही येईल. पुढे बायको तिथेच आली आणि तिथल्याच मातीत गेली. मूलबाळ नव्हतं. होती ती बत्ती.

दीपस्तंभ हा शब्द मामा वापरत नसत. बंदरावरचे कोळी बत्ती म्हणत, म्हणून तेही बत्ती म्हणत. शिरूरला परतल्यावर लोक त्यांना बत्तीमास्तर म्हणू लागले. काही जण आदराने म्हणत, बाकीचे हसून.

बत्ती दगडाची नव्हती. बिडाची होती, म्हणजे ओतीव लोखंडाची. विलायतेत ओतलेल्या बहात्तर वाकड्या प्लेटा अठराशे अडुसष्ट साली जहाजातून उतरल्या. नऊ थर, प्रत्येक थरात आठ प्लेटा, वर जावं तसा थर लहान. चुना नाही, सिमेंट नाही. कडेला कड लावायची आणि बोल्ट आवळायचा. पण साच्यातून निघालेली कड कधी नेमकी बसत नाही. म्हणून बंदरावरच्या लोहारांनी दीड वर्ष कानस मारून एकेक कड तिच्या शेजारणीशी जुळवली होती. त्यामुळे एका थरातल्या आठही प्लेटा दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येकीला उजवी शेजारीण एकच आणि डावी एकच. दुसरीजवळ ठेवली तर फट पडते. फटीत पाणी शिरतं, बोल्ट तिरका ओढतो, आणि बीड वाकत नाही. बीड फुटतं.

हे सगळं मामांनी दावीदला सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा. दावीदला ते माहीत होतं. पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालं नाही, हे आधीच लिहून ठेवायला हवं.

दावीद पुण्याला मराठी घेऊन बी. ए. झाला होता. त्या पदवीवर दौंडजवळच्या एका पाणीपुरवठा संस्थेत कारकुनी मिळाली. संस्थेचे चेअरमन मारुतराव. त्यांना माळावर पाण्याची टाकी उभी करायची होती. बायका हंडे घेऊन नदीपर्यंत दीड मैल चालत होत्या. टाकी ठेवायला उंच काहीतरी हवं होतं. त्याच सुमाराला बंदरावर सिमेंटचा नवा दीपस्तंभ झाला आणि जुनी बत्ती मोडीत निघाली. मोडीत, हा शब्द मामांनी शिरूरला दावीदच्या ओट्यावर बसून उच्चारला, तेव्हा त्यांचा आवाज फाटला.

दावीदच त्यांना मारुतरावांकडे घेऊन गेला.

"मास्तर, खांब उभा ऱ्हाईल का पर?" मारुतरावांनी विचारलं.

"नव्वद वर्षं समुद्राच्या लाटा खाऊन उभा आहे. तुमच्या माळावर त्याला कोण पाडणार?"

"वर टाकी बसवायची हाय. दिवा न्हाई बरं का."

"डोक्यावर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. उभं करायचं मी बघतो."

मारुतराव खूष झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, आख्ख्या जिल्ह्यात कुणाच्या गावात न्हाई आसला खांब!"

मामा साठीला टेकले होते. चार फिटर घेऊन ते बंदरावर गेले आणि बत्ती वरून खाली, थराथराने स्वतः उतरवली. एक प्लेट फुटू दिली नाही. प्रत्येकीच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगाने आकडे घातले, थर आणि जागा. एक-एक पासून नऊ-आठ पर्यंत. गलबतातून मुंबई, मुंबईहून वाघिणीतून दौंडचा मालधक्का, तिथून ट्रकने संस्थेचा माळ. सप्टेंबरात सगळ्या प्लेटा माळावर पडल्या. पाया खणून झाला. मामा तापाने आजारी पडले म्हणून आठ दिवस शिरूरला गेले. जाताना दावीदला म्हणाले, "कुणाला हात लावू देऊ नकोस."

दसऱ्याला पायाभरणीचा समारंभ ठरला. आदल्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला लोखंड पुजतात. फाळ, विळा, कुऱ्हाड, पहार, जे वर्षभर राबलं ते धुवायचं, घासायचं, त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं. माळावरच्या टोळीचा मुकादम हौशीराम. त्याच्या टोळीने एवढं लोखंड एका जागी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या घरी फाळ एक, कोयता एक. इथे बहात्तर. ते पुजायचं नाही म्हणजे काय? शिवाय मारुतरावांचा निरोप होताच, पाव्हणे येणार आहेत, माल चकाचक दिसला पाहिजे.

टोळीने तारेचे ब्रश घेतले. रॉकेल घेतलं. तीस माणसं, बायांसकट, पहाटेपासून प्लेटा घासायला बसली. नव्वद वर्षांचा खार निघाला. साखरबाई नावाची म्हातारी मजूर एकेका प्लेटीवरून हात फिरवून म्हणत होती, "किती लांबून आली बाय माझी." वरून कावेचा लाल हात मारायचा होता.

हौशीराम ऑफिसच्या दारात आला. दावीद निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहीत होता. "जलदेवतेच्या कृपाप्रसादे" की "जलदेवतेच्या कृपेने", ह्यात अडकला होता.

"भाऊसाहेब, आतल्या अंगाला पांढरं काय बाय खरडलंय. ते बी काढू का?"

दावीदने मान वर केली नाही.

"काढा," तो म्हणाला.

एवढंच झालं.

दसऱ्याच्या दिवशी प्लेटा लालभडक होऊन उन्हात पडल्या होत्या. प्रत्येकीवर हळदकुंकू, प्रत्येकीवर फूल. पाहुण्यांनी नारळ फोडला. फोटो निघाला.

चौथ्या दिवशी मामा शिरूरच्या एस.टी.तून उतरले. चालत माळावर आले. एक प्लेट बघितली. वाकून आतल्या अंगाला बघितलं. दुसरी बघितली. दहावीपर्यंत ते वाकत गेले. मग टोळीच्या दिशेने वळले आणि असे ओरडले की पलीकडच्या शेतातले बैल थांबले.

"कुणी केलं?"

हौशीराम पुढे झाला. "आबा, आमी पोळ्याला बैल धुतो, तसं धुतलं. वझं वाहणारं लोखंड हाय. त्येच्या अंगावर खरडलेलं बरं दिसतं व्हय?"

"अरे, पण बैलाला नाव असतं ना? तू बैल धुतोस तेव्हा त्याचं नाव पुसतोस का?"

हौशीरामला खरंच कळलं होतं. तो प्लेटांकडे बघत राहिला आणि त्याचं तोंड उघडं पडलं.

"त्यांनी विचारलं होतं मामा," दावीद म्हणाला. "मी काढा म्हणालो."

मामांनी त्याच्याकडे बघितलं.

"गंजक्या," ते म्हणाले.

दुसरं काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मारुतराव जीपमधून आले आणि हसले. "आकडेच गेलं ना? लोखंड तर हाय? आरं, आठ आठ सारख्याच दिसत्यात. लावा गोल आन् आवळा बोल्ट."

"तुमचे दात काढून देतो," मामा म्हणाले, "लावा गोल."

टोळी हसली. मारुतरावांना ते हसू पोचलं. ते पुढे विसरले नाहीत, असं दावीदला वाटतं.

मामांनी गुढीपाडव्यापर्यंत मुदत मागितली आणि मिळवली. मार्था दौंडला रेल्वेच्या चाळीत राहत होती, तिच्याकडे मुक्काम हलवला. दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन पुडके शेंदूर आणि बाटलीभर गोडेतेल आणलं.

फिटरची जुनी रीत आहे. शेंदूर तेलात कालवून एका कडेला अगदी पातळ लावायचा. दुसरी कड तिच्यावर अलगद टेकवायची आणि उचलायची. परकी असेल तर दोन-तीन ठिपक्यांपुरता रंग उठतो. सख्खी शेजारीण असेल तर कडेला सलग रेघ येते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीन वाशांची तिकाटी उभी करून कप्पीला साखळी लावली. एक प्लेट उचलायला सहा माणसं लागत. हौशीरामची टोळी नळाच्या चराचं दिवसाचं खोदकाम आटोपून यायची आणि मजुरी घ्यायची नाही. एकदा दावीदने विचारलं तेव्हा हौशीराम म्हणाला, "आमच्याच हातानं नाव पुसलं नव्हं."

चार दिवसांत एक शेजारीण सापडायची. कधी आठवड्यात एकही नाही. मामा संतापाने काम करत. साखळी ढिली झाली की संताप, ढग आले की संताप, कुणी प्लेटीवर बसलं की संताप. दावीदशी ते पंधरा दिवस बोलले नाहीत. मग एके दिवशी सलग रेघ उठली आणि ते कुणाकडेही न बघता बोलायला लागले.

"ही दुसऱ्या थरातली. पडावातून किनाऱ्यावर उतरवताना पडली होती. इथे बघ, तडा. तांब्याच्या पट्टीने शिवलाय. विलायतेचा इंजिनीअर म्हणाला, नवी ओतून मागवतो, वर्ष लागेल. बंदरावरचा लोहार म्हणाला, मी शिवतो. नव्वद वर्षं टिकली. इंजिनीअरचं नाव बत्तीवर पाटीत ओतलंय. लोहाराचं कुठेच नाही."

पुढची प्लेट जुळली तेव्हा पुढची गोष्ट आली.

"हिच्याजवळ माझा बसायचा पाट असायचा. लढाईत बेचाळीस साली दिवा बंद ठेवायचा हुकूम आला, तेव्हा सात महिने हिला टेकून अंधारात बसलो. एक गलबत खडकावर आलं. अकरा माणसं. मला त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. माझ्या हातात काडी होती."

ते थांबले. घड्याळ बघितलं. दिवेलागण झाली होती.

"हुकूम होता," ते म्हणाले आणि शेंदराचं भांडं उचललं.

बत्तीचा इतिहास दावीदला असा मिळाला. प्लेटीमागून प्लेट, जशी सापडेल तशी. मामा जुळलेल्या प्लेटांची नोंद एका शाळकरी वहीत करत. आकड्यासमोर त्या प्लेटीची गोष्ट एका ओळीत. आणि खाली वाऱ्याची दिशा.

रविवारीही काम चाले. चर्चचे पाळकसाहेब माळावर येऊन म्हणाले, "एलिया, शब्बाथ आहे."

"पाळकसाहेब, एकतीस वर्षांत एका रविवारी दिवा लावला नसता, तर तुम्ही गेला असता का बुडालेल्यांना प्रवचन द्यायला?"

सगळे मामांच्या बाजूचे होते असं मात्र नाही. सोजराबाई रोज डोक्यावर दोन हंडे घेऊन माळावरून जायची. जानेवारीत ती थांबली.

"आबा, तुमचा खांब उभा ऱ्हावो न्हाईतर निजो. माझ्या हंड्यात पाणी कवा पडायचं त्येवढं सांगा."

मामांना राग आला नाही. हा एकच प्रसंग.

"पाडव्याला," ते म्हणाले. "माझा शब्द."

"पुरुषांचं शबूद मोजत बसले आसते तर मान मोडली आसती," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर मामा सकाळी एक तास आधी येऊ लागले.

फेब्रुवारीच्या अखेरीला पाच थर जुळले. चाळीस प्लेटा. त्या नीट क्रमाने लावून माळाच्या कडेला, रस्त्यालगत ठेवल्या, म्हणजे पायावर न्यायला सोप्या. सहाव्या थराची पहिली, एकेचाळिसावी, तिकाटीखाली मांडली. पाडव्याला तीन आठवडे होते. हात बसला होता, आता दिवसाला दोन निघत. झालं असतं. दावीदने हिशेब पुन्हा पुन्हा करून बघितला आहे. तीन-चार दिवस इकडे-तिकडे, पण झालं असतं.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी माळावरून आवाज आला. बीड फुटतं तेव्हा आधी घंटेसारखा नाद होतो आणि तो मधेच कापल्यासारखा थांबतो. दावीद ऑफिसातून धावला.

परगावची दहा माणसं घण घेऊन आली होती. रस्त्यावर ट्रक उभा होता. मारुतरावांनी ठराव करून घेतला होता, खांब रद्द, सिमेंटची टाकी बांधायची, लोखंड मोडीत द्यायचं. ठराव आदल्या शनिवारी झाला, दावीदला घरी पाठवून. घणवाल्यांनी ट्रकला जवळ पडतील त्या प्लेटांपासून सुरुवात केली होती. जवळ पडत होत्या त्या जुळलेल्या. पाच महिन्यांत जुळवलेल्या चाळीस. न जुळलेल्या एकतीस मागे सुखरूप होत्या.

मामा आधीच पोचले होते. एका घणवाल्याचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. तो गडी तरुण होता, त्याला कसंनुसं झालं होतं. "बाबा, छोडो ना," तो म्हणत होता. "हम को जो बोला वो करते है."

हौशीरामची टोळी खोदकाम सोडून आली आणि मधे उभी राहिली. मारुतराव जीपमधून उतरले.

"मास्तर, बाजूला व्हा. लोकं पाण्यावाचून बसल्यात आन् तुमी कुंकू लावत बसलाय लोखंडाला."

"पाडव्याची मुदत दिली होती तुम्ही."

"सिमेंट आलं समजा. जमाना सिमेंटचा हाय. तुमच्या बंदरावर बी तेच झालं की."

"दुसरा थर फोडलात," मामा म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "तांब्याच्या पट्टीची प्लेट फोडलीत. कुणी फोडली?"

घणवाल्यांनी घण खाली टेकवले.

दावीदने तेव्हा बोलायला हवं होतं. तो संस्थेचा कारकून होता, ठरावाची नोटीस निघाली नव्हती हे त्याला माहीत होतं, तसं म्हणता आलं असतं. तो हौशीरामच्या मागे उभा होता. त्याच्या हातात पेन होतं.

मामांनी दांडा सोडला.

"फोडा," ते म्हणाले. "मी जुळवतो."

ते तिकाटीकडे गेले. एकेचाळिसावीच्या उजव्या कडेला शेंदूर लावायला बसले. हौशीराम गेला, त्याची पाच माणसं गेली. मारुतराव हसले, मग हसायचे थांबले. घण सुरू झाले. इकडे साखळी वर-खाली होत राहिली. तो दिवस, मंगळवार, बुधवार. एकीकडे फोडत होते, दुसरीकडे जुळवत होते. मधे पन्नास पावलं. मामा एकदाही मागे वळले नाहीत. प्रत्येक नादाला त्यांचा खांदा हलायचा, एवढंच. सहाव्या थरातल्या सात उमेदवार प्लेटांपैकी सहा तीन दिवसांत लावून पाहिल्या, एकेक तीन-तीनदा ताडून. ठिपके उठले. रेघ उठली नाही.

"म्हणजे सातवी," बुधवारी संध्याकाळी ते दावीदला म्हणाले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी. शेंदूर मी आत्ताच लावून ठेवतो."

गुरुवारी ते आले नाहीत. मार्था चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा हात गार होता. ग्लास तिने स्वतःच्या पदराने पुसला, उजेडाकडे धरला आणि मग ती खाली बसली.

शिरूरला नेलं. हौशीरामच्या टोळीने खांदा दिला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मारुतरावांनी हार पाठवला. तो मार्थाने परत पाठवला.

सिमेंटची टाकी झाली नाही. तीन वर्षं झाली. पायाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, त्यात म्हशी बसतात. सोजराबाई दीड मैल चालते आहे.

त्या गुरुवारी दुपारी दावीद माळावर गेला होता. घणवाले जेवायला बसले होते. वही तिकाटीच्या पायाशी, दगडाखाली ठेवलेली होती. चाळिसावीपर्यंत गोष्टी होत्या. एकेचाळीससमोर लिहिलं होतं, "इथे रेबेकाने नाव कोरलं होतं, मी खरवडून काढलं, रागाने." रेबेका त्यांची बायको. त्याखाली बेचाळीस, आणि पुढे कोरं.

खाली वाऱ्याची दिशा. पश्चिम.

एकेचाळिसावी तिकाटीखाली उभी होती. तिच्या उजव्या कडेवर शेंदूर होता, वरपासून खालपर्यंत, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. सातवी प्लेट बुधवारीच साखळीत अडकवलेली, हातभर वर लटकत होती. ती तेवढी खाली सोडायची होती.